नेत्ररचना व दृष्टी : संकल्पनांचा इतिहास

मानवी नेत्र हा सु. २४ मिमी. व्यासाचा गोल असून त्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला स्वच्छमंडल म्हणतात. त्यामागे नेत्रजलाने भरलेली लहान पोकळी, मध्यभागी बाहुली हे छिद्र असलेली परितारिका, तिच्या लगत मागे नेत्रभिंग आणि भिंगामागे काचाभ द्रवाने व्यापलेली मोठी पोकळी असा क्रम असतो. या मोठ्या पोकळीच्या आतल्या बाजूस जालपटल हे पातळ तंत्रिकामय अस्तर असते. बाहेरून येणाऱ्या किरणांचे बरेचसे प्रणमन (वक्रीभवन) स्वच्छमंडलातच होते. वस्तूच्या अंतरानुसार लागणारा फेरबदल भिंग करते. जालपटलावर वस्तूची उलटी प्रतिमा पडते आणि तेथील कोशिका (पेशी) तिचे संदेशांत रूपांतर करून ते दृक् तंत्रिकेवाटे मेंदूकडे पाठवितात [→ डोळा]. हे वर्णन आज शालेय पुस्तकांतही आढळते. तथापि त्यातील जालपटलाचे स्थान साडेचार शतकांहून जुने नाही. त्यापूर्वी सु. चौदा शतके भिंग हेच पाहणारे इंद्रिय मानले जात होते आणि या समजुतीला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो अंधत्व दूर करणाऱ्या एका यशस्वी शस्त्रक्रियेचा. दृष्टिविचाराच्या इतिहासातील हा सर्वांत बोधप्रद भाग होय.

प्राचीन भारतीय विचार : भारतात नेत्राचा विचार दोन निरनिराळ्या परंपरांत झाला. दर्शनकारांपुढे प्रश्न होता तो इंद्रिय व विषय यांच्या संबंधाचा. न्यायदर्शनाच्या मते चक्षुरिंद्रिय तेज या महाभूताचे बनलेले असून त्याचे सूक्ष्म रश्मी बाहेर जाऊन वस्तूला भिडतात. म्हणजे चक्षू ‘प्राप्यकारी’ आहे. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे अंधारात चमकतात, हा त्यासाठी दिलेला एक पुरावा होता. बौद्ध व जैन तार्किकांनी हे मत नाकारले. रश्मी बाहेर जात असतील, तर जवळची फांदी आधी व तिच्या आडचा चंद्र बऱ्याच वेळाने दिसावयास हवा. प्रत्यक्षात डोळा उघडताच दोन्ही एकदम दिसतात, असा त्यांचा आक्षेप होता. तेजाचा वेग इतका प्रचंड असतो की, मधला काळ जाणवत नाही, असे उत्तर नैयायिकांनी दिले. हा वाद शतकानुशतके सूक्ष्म युक्तिवादांनी लढविला गेला; परंतु डोळा कापून पाहण्याशी त्याचा संबंध आला नाही.

दुसरी परंपरा वैद्यांची. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शालाक्यतंत्राचा, म्हणजे गळ्याच्या वरील अवयवांच्या रोगांचा, विचार आला असून तो विदेहाधिपतीच्या मतानुसार सांगितला आहे. उत्तरतंत्र मूळ संहितेला मागाहून जोडले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यात नेत्राची पाच मंडले, सहा संधी व सहा पटले वर्णिली असून नेत्ररोगांची संख्या ७६ दिली आहे. ‘दृष्टी’ हा भाग मसुरीच्या डाळीएवढा असल्याचे म्हटले आहे. हा भाग म्हणजे भिंग की बाहुली, याविषयी टीकाकारांत व आधुनिक अभ्यासकांत एकमत नाही. याच संहितेच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची जी रीत सांगितली आहे, तीनुसार प्रेत सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवून नंतर कुंच्याने घासून थरामागून थर पाहावयाचा असतो. अशा रीतीने नेत्रगोलातील मऊ व पारदर्शक भाग शाबूत राहणे अवघडच. त्यामुळे वर्णनातील संदिग्धतेचे नवल वाटू नये.

शस्त्रकर्माचे वर्णन मात्र विलक्षण नेमके आहे. कफज लिंगनाश (मोतीबिंदू) साध्य समजून, फार उष्ण वा फार थंड नसलेल्या काळी रोग्याला बसवून स्वतःच्या नाकाकडे पाहावयास सांगावे. डाव्या डोळ्यासाठी उजवा व उजव्यासाठी डावा हात वापरावा. बुबुळाच्या बाहेर पांढऱ्या भागात, शिरा टाळून, यवाच्या आकाराच्या टोकाच्या शलाकेने वेध करावा. वेध नीट झाल्यास आवाज होतो व पाण्याचा थेंब येतो. मग शलाकाग्राने दृष्टिमंडल खरवडून रोग्याने दुसरी नाकपुडी दाबून नाक शिंकरावे, म्हणजे तेथील कफ निघून जातो. पुढे डोळ्यावर तुपाची पट्टी बांधून रोग्याला उताणे निजविण्यास आणि शिंक, खोकला, थुंकणे टाळण्यास सांगितले आहे. कफ निघून जातो असे ग्रंथकार म्हणतो. प्रत्यक्षात अपारदर्शक झालेले भिंग आपल्या जागेवरून सुटून मागच्या पोकळीत पडत असावे. रोग्याला काही अंशी दिसू लागे, एवढे खरे. याच प्रकारची शस्त्रक्रिया पुढे ‘सुई मारणे’ या नावाने फिरत्या वैद्यांच्या हातून विसाव्या शतकापर्यंत भारतात चालू राहिली. जंतुसंसर्गाने व इतर उपद्रवांनी तिच्यात अनेक डोळे कायमचे गेले.

ग्रीक व अरबी विचार : ग्रीसमध्येही पाहण्याविषयी असेच तट होते. डीमॉक्रिटस व त्यांच्या परंपरेतील अणुवाद्यांच्या मते वस्तूपासून निघालेले पापुद्रे डोळ्यात शिरतात, तर प्लेटो यांच्या मते डोळ्यातील सौम्य अग्नी बाहेर येऊन दिवसाच्या प्रकाशाला मिळतो. ॲरिस्टॉटल यांनी मधल्या पारदर्शक माध्यमाच्या बदलावर भर दिला. यूक्लिड यांनी इ. स. पू. ३०० च्या सुमारास डोळ्यातून निघणाऱ्या सरळ रेषांचा शंकू कल्पून दृश्य आकाराचे गणित मांडले. त्यांचे किरण उलट्या दिशेने जात होते, तरी भूमिती बिनचूक होती आणि पुढील सर्व प्रकाशकीचा पाया तिनेच घातला.

शरीरविचारात निर्णायक ठरले ते गेलेन (१२९–सु. २१६). प्राण्यांचे डोळे फाडून त्यांनी पटलांचे वर्णन केले आणि दृक् तंत्रिका पोकळ असून मेंदूतील प्राणवायूसदृश तत्त्व तिच्यातून डोळ्यात उतरते, असे सांगितले. दृष्टीचे प्रमुख साधन भिंग होय, हे ठरविताना त्यांनी शस्त्रक्रियेचाच दाखला दिला. मोतीबिंदू हा भिंग व बाहुली यांच्यामध्ये साचलेला दोष आहे. तो आड आला की दिसेनासे होते व सुईने बाजूला सारला की पुन्हा दिसू लागते. म्हणून ज्याच्यापुढे तो आड येतो ते भिंगच पाहत असले पाहिजे. युक्तिवाद निर्दोष होता. त्याच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती तेवढी चुकीची होती, कारण सुईखाली सरकत होते ते भिंगच. दोष साचण्यासाठी भिंगापुढे मोकळी जागा हवी होती. त्यामुळे मध्ययुगीन आकृत्यांत भिंग नेत्रगोलाच्या थेट मध्यभागी दाखविले जाऊ लागले. मोतीबिंदूची नावेही याच कल्पनेतून आली. अरबीत त्याला ‘पाणी उतरणे’ म्हणत; त्याचे लॅटिन भाषांतर करताना धबधब्याचा अर्थ असलेला ‘कॅटरॅक्टा’ हा शब्द रूढ झाला. फार्सीतील ‘आब-ए-मरवारीद’ (मोत्याचे पाणी) व मराठीतील मोतीबिंदू यांतही थेंब व मोती यांची हीच जोडी आढळते.

हुनैन इब्न इसहाक (सु. ८०८–८७३) यांनी गेलेन यांचे नेत्रविषयक ज्ञान अरबीत सुसंगतपणे आणले. खरी क्रांती मात्र बसरा येथे जन्मलेल्या व कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैथम (सु. ९६५–सु. १०४०) यांनी केली. प्रखर प्रकाशाने डोळा दुखतो आणि सूर्याकडे पाहून डोळे मिटल्यावरही त्याचा ठसा काही काळ राहतो. म्हणजे बाहेरचे काहीतरी डोळ्यावर परिणाम करीत असले पाहिजे. असे असता डोळ्यातून किरण निघतात हे मानण्याचे प्रयोजन उरत नाही. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना किरण निघतात, हा त्यांच्या *किताब अल्-मनाझिर* या ग्रंथातील मूळ सिद्धांत होय. यातून नवीच अडचण उभी राहिली : प्रत्येक बिंदूचे किरण डोळ्याच्या प्रत्येक बिंदूवर पडत असतील, तर सगळा गोंधळ न होता स्वच्छ चित्र कसे दिसते? पृष्ठभागावर लंब पडणारा किरण तेवढा परिणामकारक व तिरपे किरण दुर्बळ, असे मानून त्यांनी मार्ग काढला. या लंब किरणांनी भिंगावर सुलट चित्र उमटते. मागे जाऊन किरणांनी एकमेकांना छेदले, तर चित्र उलटे होईल व माणसाला जग उलटे दिसेल, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. एवढा स्वतंत्र बुद्धीचा शास्त्रज्ञही गेलेन यांच्या भिंगापाशी थांबला. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १२०० च्या सुमारास झाले व ते १५७२ मध्ये बाझेल येथे छापले गेले.

जालपटलाचा शोध : यूरोपात लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांनी डोळ्याची तुलना छिद्रातून बाहेरचे दृश्य भिंतीवर उलटे उमटणाऱ्या अंधाऱ्या खोलीशी केली. डोळा कापताना आतील द्रव वाहून जाऊ नये म्हणून तो अंड्याच्या पांढऱ्या बलकात उकडून घट्ट करण्याची युक्ती त्यांनी सुचविली होती. पण उलटी प्रतिमा त्यांनाही पटली नाही. डोळ्याच्या आत ती दुसऱ्यांदा उलटून सरळ होते, असे त्यांनी मानले. शरीररचनाशास्त्राचे प्रवर्तक व्हेसेलिअस यांच्या १५४३ मधील ग्रंथातही भिंग मध्यभागीच आहे.

बाझेल येथील वैद्य फेलिक्स प्लॅटर (१५३६–१६१४) यांनी १५८३ मध्ये प्रथम स्पष्टपणे सांगितले की, दृष्टीचे मुख्य साधन दृक् तंत्रिकेचाच विस्तार असलेले जालपटल होय आणि भिंग हे त्यासमोर धरलेल्या चष्म्याच्या काचेसारखे आहे. प्लॅटर यांच्यापाशी गणित नव्हते. ते योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी पुरविले. प्राग येथे असताना ग्रहणाच्या वेधांतील त्रुटींचा शोध घेता घेता ते प्रकाशकीकडे वळले आणि १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी इब्न अल्-हैथम यांची अडचण सोडविली. तिरपे किरण टाकून देण्याचे कारणच नाही. एका बिंदूपासून निघून बाहुलीत शिरलेले सर्व किरण स्वच्छमंडल व भिंग यांतील प्रणमनाने जालपटलावर पुन्हा एका बिंदूत मिळतात. असे बिंदूमागून बिंदू मिळून चित्र तयार होते व ते उलटे असते. उलटेपणा टाळण्याचा केप्लर यांनी पुष्कळ प्रयत्न केला. जमत नाही असे दिसल्यावर त्यांनी तो स्वीकारला. हे चित्र पुढे आत्म्यापर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न त्यांनी प्रकाशकीच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून दिला. एका प्रश्नाची अशी जाणीवपूर्वक फाळणी केल्यामुळेच त्याचा अर्धा भाग सुटू शकला, असे म्हणता येईल. यूरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असलेल्या चष्म्याचे कारणही यामुळे प्रथमच कळले : ऱ्हस्वदृष्टीत किरण जालपटलाच्या अलीकडे मिळतात व अंतर्गोल काच त्यांना मागे नेते.

यानंतर प्रत्यक्ष प्रमाणे मिळत गेली. क्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्ये नेत्राची बरीचशी अचूक आकृती दिली. तीत दृक् तंत्रिका बरोबर मागच्या मध्यातून न निघता नाकाच्या बाजूने निघते. देकार्त यांनी १६३७ मध्ये बैलाच्या डोळ्याची मागील आवरणे काढून, तेथे पातळ कागद किंवा अंड्याचे कवच लावून, त्यावर पडलेली उलटी प्रतिमा पाहण्याचा प्रयोग वर्णिला. तरीही वाद संपला नव्हता. फ्रेंच भौतिकीविज्ञ मारीऑट यांना १६६० च्या सुमारास आढळले की, दृक् तंत्रिका जेथे डोळ्यात शिरते त्या जागी पडलेले चित्र मुळीच दिसत नाही. या अंधबिंदूवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र असा की, पाहणारे पटल जालपटल नसून त्यामागील रक्तवाहिनीमय पटल होय, कारण त्या जागी नेमके तेच नसते.

मोतीबिंदूचा उलगडा : केप्लर यांच्यानंतर शंभर वर्षे वैद्यकाची पाठ्यपुस्तके मोतीबिंदूला भिंगापुढील पातळ पडदाच म्हणत राहिली. सतराव्या शतकाच्या मध्यास काही शरीरविज्ञांनी वेगळे मत मांडले होते, पण ते मागे पडले. मीशेल ब्रीसो (१६७६–१७४३) यांनी १७०५ मध्ये मोतीबिंदू झालेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर नेहमीची सुईची क्रिया करून मग तो डोळा उघडला. खाली सरकलेली वस्तू म्हणजे पडदा नसून गढूळ झालेले भिंगच होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने हे मत आरंभी नाकारले. अधिक पुरावा आल्यावर १७०८ मध्ये ते मान्य झाले. गेलेन यांचा युक्तिवाद येथे उलटला. भिंग बाजूला केल्यावर माणसाला दिसत असेल, तर भिंग पाहणारे असूच शकत नाही. ते प्रणमन करणारी काच आहे आणि डोळ्यासमोर जाड बहिर्गोल काच धरून त्याची उणीव बरीचशी भरून काढता येते.

झाक दाव्हीएल (१६९३–१७६२) यांनी १७४७ मध्ये स्वच्छमंडलाच्या कडेला छेद घेऊन भिंग डोळ्याबाहेर काढण्यास सुरुवात केली. आधुनिक मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा हा आरंभ होय. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसविण्यास आणखी दोन शतके लागली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छतातील ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे तुकडे फारसा दाह न करता राहतात, असे हॅरल्ड रिडली यांना दिसले आणि १९४९ मध्ये लंडन येथे त्यांनी अशाच द्रव्याचे कृत्रिम भिंग मानवी डोळ्यात बसविले. समव्यावसायिकांकडून त्यांना दीर्घकाळ विरोध झाला. अंधत्वाच्या जगभरातील कारणांत मोतीबिंदू आजही प्रमुख असून भारताने १९७६ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा बराच मोठा भार याच शस्त्रक्रियेवर राहिला आहे.

भिंग जवळच्या व दूरच्या वस्तूंसाठी फेरबदल कसा करते, हे टॉमस यंग (१७७३–१८२९) यांच्या १८०१ मधील निबंधाने दाखविले. डोळा पाण्यात बुडवून त्यांनी स्वच्छमंडलाचे प्रणमन जवळजवळ निष्प्रभ केले. तरीही केंद्रीकरणाची क्षमता टिकून राहिली. म्हणजे फेरबदल स्वच्छमंडलात नसून भिंगात होतो. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८५५ मध्ये भिंगाच्या पृष्ठावरील परावर्तित प्रतिमा मोजून जवळ पाहताना भिंग अधिक फुगीर होते, हे सिद्ध केले. याआधी १८५१ मध्ये त्यांनी नेत्रांतर्दर्शक हे उपकरण जाहीर केले होते. जिवंत माणसाचे जालपटल प्रथमच वैद्याच्या नजरेस पडले आणि तोवर ‘रोग्याला दिसत नाही व वैद्यालाही काही दिसत नाही’ अशा अवस्थेत असलेले कितीतरी विकार ओळखता येऊ लागले.

जालपटलाचे कार्य : जालपटलाच्या अनेक थरांपैकी प्रकाश नेमका कोणता थर टिपतो, हे हाइन्रिख म्यूलर (१८२०–६४) यांनी १८५५ मध्ये ज्या रीतीने ठरविले, ती या इतिहासातील सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल. डोळ्याच्या बाजूने तीव्र प्रकाश टाकल्यास माणसाला स्वतःच्याच जालपटलावरील रक्तवाहिन्यांची सावली झाडाच्या फांद्यांसारखी दिसते. प्रकाश हलविला की सावली सरकते. ती किती सरकते यावरून रक्तवाहिन्या व सावली टिपणारा थर यांमधील अंतर त्यांनी काढले. ते सर्वांत मागच्या शलाका व शंकू यांच्या थराशी जुळले. प्रकाशाला या थरापर्यंत पोहोचण्यासाठी जालपटलाचे इतर सर्व थर ओलांडावे लागतात, हे यामुळे निश्चित झाले. माक्स शूल्त्से यांनी १८६६ मध्ये निशाचर प्राण्यांच्या जालपटलात शलाकांचे प्राबल्य पाहून शलाका अंधुक प्रकाशासाठी व शंकू दिवसाच्या आणि रंगांच्या दृष्टीसाठी असतात, असे मांडले. मानवी डोळ्यात शलाका सु. ९ ते १२ कोटी, शंकू सु. ४५ ते ६५ लाख, तर दृक् तंत्रिकेत तंतू मात्र दहा-बारा लाखच असतात. संदेशांची मोठी छाटणी जालपटलातच होते.

शलाकांतील लाल द्रव्य प्रकाशात फिके पडते, असे फ्रान्ट्स बोल यांना १८७६ मध्ये आढळले. व्हिल्हेल्म क्यूने यांनी खिडकीसमोर ठेवलेल्या सशाच्या जालपटलावर खिडकीच्या गजांचे चित्र रासायनिक रीत्या पक्के करून दाखविले. खून झालेल्याच्या डोळ्यात खुन्याचे चित्र सापडेल, ही त्या काळी पसरलेली आशा मात्र फोल ठरली. जॉर्ज वॉल्ड यांना १९३३ मध्ये जालपटलात अ जीवनसत्त्व सापडले आणि दृष्टीच्या रासायनिक प्रक्रियेवरील कार्याबद्दल १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. रातांधळेपणावर सुश्रुतसंहितेत बोकडाचे यकृत सांगितले आहे, त्याचे कारण या शोधाने कळले. यकृतात हे जीवनसत्त्व साठलेले असते. त्याच्या अभावी मुलांना येणारे अंधत्व रोखण्यासाठी भारतात १९७० मध्ये स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला.

रंगदृष्टीसाठी तीन प्रकारची ग्राहके पुरेशी आहेत, ही यंग यांची १८०२ मधील कल्पना शंकूंवरील प्रत्यक्ष मापनांनी १९६४ मध्ये खरी ठरली. रंगांधतेचे पहिले शास्त्रीय वर्णन रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीवरून केले. आपल्या डोळ्यातील काचाभ द्रव निळा असावा, असे त्यांना वाटे. १८४४ मध्ये मृत्यूनंतर डोळा तपासला असता तो द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या अवशेषांतील डीएनएच्या १९९५ मधील परीक्षणात मध्यम तरंगलांबीच्या रंगद्रव्याचे जनुक आढळले नाही.

मेंदू व दृष्टी : केप्लर यांनी बाजूला ठेवलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकाअखेर पुन्हा पुढे आला. जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९७ मध्ये प्रतिमा उलटविणारी भिंगे आठ दिवस वापरली व हालचाली हळूहळू सुरळीत होतात असे दाखविले. प्रतिमेचा उलटसुलटपणा मुळात अडचणच नाही, कारण तिच्याकडे पाहणारा कोणी डोळ्यामागे बसलेला नसतो. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीझेल यांनी १९५९ पासूनच्या प्रयोगांत मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातील कोशिका विशिष्ट दिशेच्या कडा व रेषा यांनाच प्रतिसाद देतात, असे दाखविले. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत झाकून ठेवल्यास तो निरोगी असूनही मेंदूशी असलेले त्याचे कार्यकारी नाते तुटते, हे त्यांना १९६३ मध्ये आढळले. जन्मजात मोतीबिंदू मूल मोठे होण्याची वाट न पाहता पहिल्या काही महिन्यांतच काढण्याची पद्धत या निष्कर्षांवर आधारलेली आहे. या दोघांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

शलाका व शंकू यांशिवाय तिसरा प्रकाशग्राहक डोळ्यात नसावा, असे दीडशे वर्षे गृहीत धरले गेले होते. २००२ मध्ये दृक् तंत्रिकेचे तंतू ज्यांपासून निघतात अशा जालपटलातील काही गुच्छिका कोशिका मेलॅनॉप्सिन या रंगद्रव्यामुळे स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, असे सिद्ध झाले. त्या मुख्यतः बाहुलीचे आकुंचन व झोप-जागृतीचे चक्र यांसाठी असतात. काही पूर्णतः अंध व्यक्तींच्या शरीराचे दैनिक चक्र दिवसाच्या प्रकाशाशी जुळलेले का राहते, याचे स्पष्टीकरण त्यामुळे मिळाले आहे.